संगणकाला करपल्लवी शिकवताना

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात देवगाव फाटा आहे. मंठा, जिंतूर आणि सेलू या तिन्ही बाजूंचे रस्ते येथे मिळतात. कोणत्याही फाट्यावर दिसणारे दृश्य येथेही दिसते. लांबून एस.टी. येताना दिसली की कडेला उभा असलेला माणूस हात पुढे करतो. चालक वेग कमी करतो आणि गाडी थांबते. एस.टी. महामंडळाने 'हात दाखवा, गाडी थांबवा' अशी योजनाच एके काळी काढली होती.

या साध्या घटनेत चालक किती कामे करतो याचा आपण सहसा विचार करत नाही. त्याच वेळी फाट्यावर एक जण माशा हाकलत असतो. दुसरा पलीकडच्या हॉटेलातील ओळखीच्या माणसाला हात करत असतो. तिसऱ्याने डोळ्यांवर ऊन येते म्हणून कपाळाशी हात धरलेला असतो. हात सगळ्यांचेच हलत असतात, पण चालक गाडी थांबवतो ती एकासाठीच. म्हणजे क्षणभरात त्याने तीन प्रश्नांची उत्तरे शोधलेली असतात. हात कोठे आहे? त्याचा आकार आणि हालचाल कशी आहे? आणि ही खूण माझ्यासाठी आहे का?

हाताच्या खुणा पाहून चालणारी यंत्रे बनवताना संगणकतज्ज्ञांना याच तीन प्रश्नांना तोंड द्यावे लागते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आता बरीचशी मिळाली आहेत. तिसरा मात्र अजून छळतो आहे. हे तिन्ही प्रश्न आपण क्रमाने पाहू या. त्यासाठी शाळेत शिकवतो त्यापेक्षा फारसे अवघड गणित लागत नाही.

खुणांची भाषा जुनीच

बोटांच्या खुणांनी बोलण्याला मराठीत 'करपल्लवी' असा सुंदर शब्द आहे. बैलबाजारात दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालतात, एकमेकांची बोटे दाबतात आणि चारचौघांत कोणाला न कळता भाव ठरवतात. क्रिकेटचा पंच एक शब्दही न बोलता चौकार, षटकार, बाद असे सर्व काही सांगतो. दोन्ही ठिकाणी खुणा थोड्या आहेत आणि त्या आधी ठरलेल्या आहेत. म्हणूनच त्या समजतात.

यंत्राशी स्पर्श न करता बोलण्याचा सर्वांत साधा नमुना म्हणजे हात खाली धरताच पाणी सोडणारा नळ. त्यात एक लहान दिवा अवरक्त किरण सोडतो. हे किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. हात समोर आला की काही किरण परावर्तित होऊन शेजारच्या संवेदकावर पडतात आणि झडप उघडते. पण हा नळ 'समोर काहीतरी आहे' एवढेच ओळखतो. हाताऐवजी पुठ्ठा धरला तरी पाणी येणारच. २०२० च्या करोना साथीत स्पर्श टाळण्याची गरज सर्वांना पटली, तेव्हा अशी साधने अनेक ठिकाणी दिसू लागली. परंतु 'काहीतरी आहे' पासून 'हा हात आहे, त्याची दोन बोटे जुळली आहेत' इथपर्यंतचा रस्ता बराच लांबचा आहे.

हात कोठे आहे?

संगणकाला कॅमेऱ्यातून चित्र दिसत नाही, आकडे मिळतात. समजा एका चित्रात आडवे ६४० आणि उभे ४८० ठिपके आहेत. गुणाकार केला तर ३,०७,२०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यासाठी तांबडा, हिरवा आणि निळा या रंगांचे ० ते २५५ मधील तीन आकडे असतात. सेकंदाला अशी ३० चित्रे येतात. म्हणजे दर सेकंदाला ९२,१६,००० ठिपके तपासून त्यांतून हात शोधायचा आहे. प्रकाश बदलला की हाताचा रंग बदलतो. मागे लाकडी फळा किंवा दुसऱ्याचा चेहरा असेल तर रंगावरून हात वेगळा काढणे आणखी कठीण होते.

या अडचणीतून सुटण्याची एक युक्ती म्हणजे हातालाच काहीतरी घालणे. १९८७ च्या सुमारास अमेरिकेत 'डेटाग्लोव्ह' नावाचा हातमोजा आला. त्यात बोटांवरून जाणारे प्रकाशतंतू होते. बोट वाकले की तंतूतून पोहोचणारा प्रकाश कमी होई आणि त्यावरून बोट किती वाकले ते समजे. पण हातमोजा महाग होता आणि तो घालून वावरणे गैरसोयीचे होते.

दुसरी युक्ती आपल्या ओळखीच्या संस्थेत शिकलेल्या एका तरुणाने वापरली. प्रणव मिस्त्री मूळचे गुजरातेतील पालनपूरचे. त्यांनी मुंबईत पवई येथील आय.आय.टी.च्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि पुढे ते अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये गेले. तेथे २००९ साली त्यांनी 'सिक्स्थ सेन्स' नावाचे साधन जगासमोर मांडले. गळ्यात अडकवलेला छोटा कॅमेरा, खिशात मावणारा प्रक्षेपक आणि एक आरसा एवढीच त्याची सामग्री होती आणि तिचा खर्च सुमारे ३५० डॉलर होता. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी जुळवून चौकट केली की छायाचित्र निघे. मनगटावर बोटाने वर्तुळ काढले की तेथे घड्याळाची तबकडी उमटे.

यातली गंमत बोटांच्या टोकांवर होती. मिस्त्रींनी चार बोटांना तांबडी, पिवळी, हिरवी आणि निळी अशी रंगीत टोपणे लावली होती. त्यामुळे 'हात शोध' हा कठीण प्रश्न 'तांबडा ठिपका शोध' इतका सोपा झाला. ज्या ठिपक्यांत तांबड्याचा आकडा मोठा आणि बाकीचे दोन लहान, ते सर्व निवडायचे. त्यांच्या क्ष-निर्देशकांची सरासरी आणि य-निर्देशकांची सरासरी काढायची. मिळालेला बिंदू म्हणजे बोटाचे टोक. सातवीतील मुलालाही हे समजेल. मात्र कोणी त्याच रंगाचा सदरा घालून समोर आला की यंत्राची फसगत होण्याचा धोका होताच.

तिसरी युक्ती म्हणजे रंगाऐवजी अंतर मोजणे. हात बहुधा शरीराच्या पुढे असतो, म्हणून जे सर्वांत जवळ तो हात, असे मानता येते. अंतर कसे मोजायचे? डोळ्यांसमोर अंगठा धरा आणि एकदा उजवा, एकदा डावा डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा वाटतो. अंगठा जवळ आणला की तो जास्त सरकतो. २०१३ साली बाजारात आलेल्या 'लीप मोशन' या छोट्या साधनात दोन अवरक्त कॅमेरे असेच दोन डोळ्यांचे काम करत. त्याआधी नोव्हेंबर २०१० मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या 'किनेक्ट'ने खोलीभर अवरक्त ठिपक्यांची नक्षी टाकली होती. ते ठिपके मूळ जागेपासून किती सरकले यावरून अंतर काढले जाई. मुले हातात काही न धरता दूरचित्रवाणी संचासमोर खेळू लागली ती या साधनामुळे. २०१७ साली त्याचे उत्पादन थांबले, पण अंतर मोजण्याची ही कल्पना पुढे अनेक यंत्रांत रुजली.

हात कसा आहे?

अलीकडे आणखी एक मार्ग यशस्वी झाला आहे आणि त्यासाठी साधा मोबाइलचा कॅमेराही पुरतो. तो मार्ग म्हणजे उदाहरणांवरून शिकवणे. आपण मुलांना 'अ' शिकवताना त्याची व्याख्या सांगत नाही, अनेक 'अ' दाखवतो. तसेच संगणकाला हातांची हजारो छायाचित्रे दाखवायची आणि प्रत्येकावर सांधे कोठे आहेत ते माणसाने खुणा करून सांगायचे.

गूगलच्या संशोधकांनी २०१९ साली 'मीडियापाइप' या संचात अशी एक प्रणाली सर्वांसाठी खुली केली. तिच्यासाठी सुमारे ३०,००० खऱ्या छायाचित्रांवर प्रत्येकी २१ बिंदू दाखवलेले होते. २१ कसे? आपल्या एका हातात २७ हाडे असतात, पण खूण ओळखायला इतका तपशील लागत नाही. मनगटाचा एक बिंदू आणि प्रत्येक बोटाचे चार, म्हणजे तीन सांधे आणि एक टोक. पाच चोक वीस आणि एक एकवीस.

या प्रणालीचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात ती सगळ्या चित्रात फक्त तळहात शोधते. बोटे वाकतात, पसरतात, एकमेकांआड जातात. तळहाताचा आकार मात्र फारसा बदलत नाही, म्हणून तो शोधणे सोपे. दुसऱ्या टप्प्यात तेवढाच भाग कापून घेऊन त्यावर २१ बिंदू बसवले जातात. पुढच्या चित्रात तळहात पुन्हा नव्याने शोधत नाहीत. मघाशी हात होता त्याच्याच आसपास पाहतात आणि तो हरवला तरच सगळीकडे शोध घेतात. खेळाच्या तासाला आपणही एकदा सगळी हजेरी घेतो आणि नंतर खोडकर मुलगा मघाशी होता तिकडेच नजर टाकतो, तसेच हे आहे.

आता २१ बिंदूंवरून खूण कशी ओळखायची ते पाहू. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेली चिमूट हे उदाहरण घेऊ. पडद्यावरील वस्तू 'उचलण्या'साठी हीच खूण बहुधा वापरतात. समजा अंगठ्याचे टोक (३८०, २४०) येथे आणि तर्जनीचे टोक (३९२, २५६) येथे आहे. दहावीच्या निर्देशक भूमितीतील अंतराचे सूत्र वापरू. क्ष-निर्देशकांतील फरक १२, य-निर्देशकांतील फरक १६. वर्गांची बेरीज १४४ + २५६ = ४००. वर्गमूळ २०. म्हणजे दोन टोकांतील अंतर २० ठिपके.

मग २० पेक्षा कमी म्हणजे चिमूट, असा नियम करावा का? तसे चालणार नाही. हात कॅमेऱ्यापासून दुप्पट दूर नेला तर चित्र निम्मे होते आणि बोटे पुरेशी न जुळताही अंतर २० च्या खाली जाते. येथे समरूपता उपयोगी पडते. चित्र लहान झाले तरी त्यातील लांबींचे गुणोत्तर बदलत नाही. म्हणून तळहाताची लांबीही मोजू. मनगट (३००, ४००) येथे आणि मधल्या बोटाचे मूळ (३६०, ३२०) येथे असेल तर फरक ६० आणि ८०, म्हणून अंतर १००. गुणोत्तर २० भागिले १००, म्हणजे ०.२. हात दूर गेल्यावर हेच आकडे १० आणि ५० होतील, गुणोत्तर ०.२ च राहील. तेव्हा 'गुणोत्तर ०.२५ पेक्षा कमी असेल तर चिमूट' असा नियम करता येतो. 'हे गणित कोठे वापरतात?' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे उत्तर अवश्य द्यावे.

खूण माझ्यासाठी आहे का?

यानंतर खरी अडचण सुरू होते. मिडास राजाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. हात लावीन त्याचे सोने व्हावे असा वर त्याने मागितला आणि त्याचे अन्नही सोन्याचे झाले. हात पाहणाऱ्या यंत्राची गत तशीच होते. आपण डोके खाजवले, चहाचा कप उचलला, बोलता बोलता हातवारे केले, तरी यंत्र त्याला आज्ञा समजते. संगणकतज्ज्ञ या अडचणीला मिडास राजाचेच नाव देतात.

त्यावर काही उपाय आहेत. पहिला, खूण थोडा वेळ टिकली तरच मानायची. सेकंदाला ३० चित्रे येत असतील तर सलग १५ चित्रांत, म्हणजे अर्धा सेकंद, चिमूट दिसली पाहिजे. पण त्यामुळे यंत्र मंद वाटते. दुसरा, सुरू होण्याची आणि संपण्याची मर्यादा वेगळी ठेवायची. चिमूट ०.२५ च्या खाली सुरू होईल, पण ०.४ च्या वर गेल्याशिवाय सुटली असे मानायचे नाही. असे केले नाही तर हाताच्या बारीक थरथरीमुळे गुणोत्तर ०.२४, ०.२६, ०.२४ असे हलते आणि यंत्र दर क्षणाला वस्तू उचलते आणि सोडते. इस्त्री ठरावीक तापमानाला बंद होते आणि जरा थंड झाल्यावरच पुन्हा चालू होते, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

तिसरा उपाय आपल्या फाट्यावरच सापडतो. गाडी थांबवणारा माणूस नुसता हात करत नाही, तो चालकाकडे पाहतो. माशा हाकलणारा चालकाकडे पाहत नाही. करपल्लवीला नेत्रपल्लवीची जोड असते म्हणून चालक फसत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विक्रीस आलेल्या ॲपलच्या 'व्हिजन प्रो' या डोक्यावर घालायच्या साधनात हीच जोड आहे. ज्या चित्राकडे डोळे पाहतील ते निवडले जाते आणि चिमूट केली की ते उघडते. नजर नसेल तर चिमटीला लक्ष्य उरत नाही.

याच साधनाने आणखी एका तक्रारीवर तोड काढली. पडद्यासमोर हात वर धरून काम केले की काही मिनिटांतच खांदा भरून येतो. फळ्यावर वरच्या ओळी लिहिणाऱ्या शिक्षकांना हे सांगायला नको. या साधनाचे काही कॅमेरे खालीही पाहतात, त्यामुळे मांडीवर ठेवलेल्या हाताने केलेली चिमूटही त्यांना दिसते.

हे कोणासाठी?

मग ही सगळी खटपट कशासाठी, असे कोणी विचारील. कळ दाबणे सोपे असताना हवेत हात हलवण्यात शहाणपण नाही, हे खरेच. पण जेथे स्पर्श करताच येत नाही तेथे तिचा उपयोग आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना मध्येच रुग्णाची क्ष-किरण चित्रे पाहावी लागतात. संगणकाला हात लावला तर निर्जंतुक हातमोजे बदलावे लागतात. हाताच्या खुणांनी चित्रे पुढेमागे करण्याची पद्धत इस्रायल आणि अमेरिकेतील संशोधकांनी तयार केली आणि २००८ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

दुसरा उपयोग आपल्या शाळांशी निगडित आहे. ऐकू न येणाऱ्या मुलांची भाषा हाताचीच असते. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ साली स्थापन झाले आणि २०१८ साली त्याने ३,००० शब्दांचा पहिला कोश काढला. ही भाषा यंत्राला समजली तर बँकेत, दवाखान्यात या मुलांची मोठी सोय होईल. पण काम सोपे नाही. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरे बहुतेक दोन्ही हातांनी दाखवतात. त्यामुळे एक हात दुसऱ्याला झाकतो आणि कॅमेऱ्याला सर्व बिंदू दिसत नाहीत. शिवाय चेहऱ्यावरील भावही या भाषेच्या व्याकरणाचाच भाग आहेत. नुसते हात पाहून ती पुरी वाचता येत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. यंत्र उदाहरणांवरून शिकते, म्हणजे जे हात त्याला दाखवले तेच त्याला नीट ओळखता येतात. आपल्या गावांत कडबाकुट्टीत किंवा मळणी यंत्रात बोट गमावलेली माणसे असतात. एकवीस बिंदूंच्या प्रणालीला उत्तर एकवीस बिंदूंतच द्यायचे असते. बोट नसले तरी ती त्याचे चार बिंदू कोठेतरी बसवते आणि पुढचे सगळे गणित चुकते. मेंदीने रंगलेले हात, कापूस वेचताना पट्ट्या बांधलेले हात, वयोमानाने थरथरणारे हात, यांचीही उदाहरणे मुद्दाम गोळा करावी लागतात. शिधावाटप दुकानातील यंत्रावर शेतमजुरांचा झिजलेला अंगठा उमटत नाही तेव्हा काय हाल होतात, ते आपण पाहतो. तेथे दोष अंगठ्याचा नसतो. झिजलेल्या अंगठ्याचा विचार आधी व्हायला हवा होता. तीच चूक नव्या यंत्रांत पुन्हा होऊ नये यासाठी, 'याला कोणाचे हात दाखवून शिकवले?' हा प्रश्न विचारणारे विद्यार्थी तयार व्हायला हवेत.

वर्गात करून पाहा

या प्रयोगाला संगणक लागत नाही. एका विद्यार्थ्याला 'संगणक' करून वर्गासमोर बसवा. चार विद्यार्थ्यांना गुपचूप सांगून ठेवा की दहा मिनिटांच्या तासात प्रत्येकाने पाच वेळा, ठरवून, उघडा तळहात दाखवायचा. बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे बसायचे, बोलायचे, हातवारे करायचे. उघडा तळहात दिसला की 'संगणका'ने नाव आणि वेळ लिहायची. ठरवून खूण करणाऱ्यांनीही आपापली वेळ टिपून ठेवायची. शेवटी ताळा करून तीन रकाने भरा: बरोबर ओळखलेल्या खुणा, चुकून मानलेल्या खुणा, सुटलेल्या खुणा.

दुसऱ्या फेरीत 'तळहात मनात दोन अंक मोजेपर्यंत स्थिर असला तरच लिही' असा नियम घाला. तिसऱ्या फेरीत 'तो तुझ्याकडे पाहत असेल तरच लिही' असा नियम घाला. तिन्ही फेऱ्यांचे रकाने फळ्यावर शेजारी शेजारी मांडा. एक चूक कमी करताना दुसरी वाढते का, ते मुलांनाच सांगू द्या. मग एका विद्यार्थ्याला दोन बोटे दुमडून खूण करायला सांगा आणि 'संगणक' ती खूण मानतो की नाही, का मानतो, यावर चर्चा घ्या.

आणि पुढच्या वेळी फाट्यावर एस.टी.ला हात कराल तेव्हा चालकाच्या डोळ्यांकडे जरूर पाहा.